जुनी पिकअप आणि हलका ट्रेलर : जोडण्याआधी काय काय बघायचं?

दांडीवाला

पिकअप पंधरा-सोळा वर्षं जुनी आहे. डिझेल, पाच गिअर, मागे पाटे, पुढे डिस्क आणि मागे ड्रम. तिला एका आसाचा, स्वतःचे ब्रेक नसलेला ट्रेलर जोडायचा आहे. ट्रेलर रिकामा २२० किलो, माल धरून ६५० च्या वर जाऊ द्यायचा नाही. गाडीच्या पुस्तकात बिनब्रेकच्या ट्रेलरची मर्यादा ७५० किलो दिली आहे, त्यामुळे कागदावर तरी बसतं.

डोक्यात क्रम असा आहे : आधी चासीला टो बार (ओढायचा दांडा) आणि त्यावर ट्रेलर अडकवायचा बॉल, मग वायरिंग, मग गाडी मागून बसू नये म्हणून एक हेल्पर पाटा (जोडीला जादा पाटा), आणि शेवटी सगळी तेलं बदलायची. हा क्रम बरोबर आहे का? काय राहतंय? जाणकारांनी उलगडून सांगावं. नुसतं 'गॅरेजला दाखवा' नको, गॅरेजला नेमकं काय सांगायचं तेच समजून घ्यायचं आहे.

तेलकट_हात

क्रम उलटा करा. टो बार सगळ्यात शेवटी. एकदा बॉल लागला की 'एक चक्कर मारून बघू' होतंच, आणि ब्रेकचं काम मागे पडतं.

हिशोब साधा आहे. भरलेली पिकअप १९०० किलो धरा. वर ६५० किलोचा ट्रेलर, ज्याला स्वतःचे ब्रेक नाहीत. त्याच वेगावरून थांबताना तुमच्या डिस्क-ड्रममध्ये ३४ टक्के जास्त उष्णता तयार होते. उष्णता वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते, म्हणून ट्रेलरसकट ६० वरून थांबणं ब्रेकला ट्रेलरशिवाय ७० वरून थांबण्याइतकं पडतं. उतारावर हेच पुन्हा पुन्हा होतं.

जुन्या गाडीच्या ब्रेकमध्ये हे बघा :

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ दर्जाचं नवं असताना किमान २३० अंशांना उकळतं, ३.७ टक्के पाणी मुरलं की ही हमी १५५ अंशांवर येते. डॉट ३ ची हीच जोडी २०५ आणि १४०. उकळलं की वाफ दबते आणि पेडल थेट फळीला लागतं. शेवटचं कधी बदललं ते आठवत नसेल तर बदलाच, आणि चारही चाकांच्या निपलमधून (तेल आणि हवा काढायच्या छोट्या बोल्टमधून) स्वच्छ तेल येईपर्यंत काढा. नुसती बाटली रिकामी करून भरणं म्हणजे बदलणं नव्हे.

पेडल पहिल्या दाबाला खाली जातं आणि लगेच दुसऱ्यांदा दाबलं की वर येतं? मग मागच्या ड्रममध्ये लायनर आणि ड्रममधली फट वाढलेली आहे. ती फट आपोआप भरून काढणारा तारा (दात्यांचा स्क्रू) जुन्या गाड्यांत गंजून अडकतो. ड्रम काढा, तारा साफ करा, आट्यांना ब्रेकचंच ग्रीस अगदी थोडं लावा. व्हील सिलेंडरची रबरी टोपी नखाने उचलून बघा, आत ओल असेल तर सिलेंडर गेला.

शून्य_खेळ

+१. त्यात रबरी होज पाइपची भर घालतो. बाहेरून ठणठणीत दिसणारा पाइप आतून फुगून बंद होतो. पेडल दाबल्यावर जोर मोठा असल्यामुळे तेल पुढे जातं, सोडल्यावर परत यायला जोर नसतो, आणि चाक धरून राहतं. चाक जॅकवर घ्या, ब्रेक दाबून सोडा, हाताने फिरवा. अडकत असेल तर निपल अर्धा फेरा ढिला करा. तेलाची पिचकारी येऊन चाक मोकळं झालं तर वरच्या बाजूला, बहुधा होजमध्ये, तेल कोंडलंय. निपल ढिला करूनही चाक अडकलेलंच राहिलं तर कॅलिपरचा पिस्टन किंवा पिन.

गिअर_चौथा

ब्रेक हवेतच, पण माल ओढायचा तर आधी इंजिन गार राहायला हवं. जुनी गाडी रोजच्या रिकाम्या वापरात कधी तापत नाही, कारण रेडिएटर अर्धा बुजलेला असला तरी उरलेला अर्धा पुरतो. ट्रेलर लागला की ती शिल्लक संपते.

एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधली बोटभर जागा बघा. चिखल, किडे, गवताचं भुसकट तिथे थराने बसतं आणि समोरून दिसत नाही. वरचे ब्रॅकेट ढिले करून दोन्हींत अंतर करा आणि इंजिनच्या बाजूने पुढे, म्हणजे वारा येतो त्याच्या उलट दिशेने, कमी दाबाचं पाणी मारा. जोराच्या फवाऱ्याने पात्या वाकतात.

फॅनचा विस्कस क्लच (गरम झाल्यावर फॅनला इंजिनशी धरणारा मधला डबा) : गरम इंजिन बंद करून फॅन हाताने फिरवा. जड लागला पाहिजे. दोन-तीन फेरे मोकळा फिरला किंवा मधल्या डब्यावर तेलाचे ओघळ बाहेरच्या दिशेला गेलेले दिसले तर बदला. फिरवण्याआधी किल्ली काढून खिशात ठेवा.

रेडिएटरच्या झाकणाकडे कोणी बघतच नाही. अर्धं कूलंट अर्धं पाणी हे मिश्रण उघड्यावर साधारण १०७ अंशांना उकळतं, ०.९ बारचं झाकण नीट दाब धरत असेल तर १२५ च्या पुढे. झाकणाचं रबर चिरलं की ही सगळी सोय गेली.

नट_बोल्ट

थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह काढून टाकावा का? जड वापरासाठी बरेच मिस्त्री तेच सुचवतात. पाणी मोकळं फिरतं म्हणे.

गिअर_चौथा

@नट_बोल्ट, नाही, काढू नका. अनेक इंजिनांत थर्मोस्टॅटची दोन कामं असतात. रेडिएटरचा रस्ता उघडताना तो दुसऱ्या टोकाने बायपासचा रस्ता बंद करतो. काढून टाकला की बायपास कायम उघडा राहतो आणि पाण्याचा एक भाग रेडिएटरला न जाताच इंजिनात परत फिरतो. रिकाम्या गाडीत इंजिन थंड राहतं, मायलेज जातं. चढावर मात्र भाराखाली जास्त तापतं, म्हणजे ज्या कामासाठी काढला तेच बिघडतं.

त्याऐवजी तपासा. पातेल्यात पाणी, त्यात थर्मोस्टॅट दोऱ्याने अधांतरी टांगलेला, तळाला टेकू द्यायचा नाही, शेजारी थर्मामीटर. छापलेल्या आकड्याला, समजा ८२, उघडायला लागला पाहिजे आणि त्याच्या १० ते १५ अंश वर पूर्ण उघडला पाहिजे.

आणि डॅशबोर्डवरच्या काट्यावर विसंबू नका. बऱ्याच गाड्यांत तो मोठ्या पट्ट्यात मुद्दाम मध्यावर धरून ठेवलेला असतो. तो हलायला लागेपर्यंत उशीर झालेला असतो. सिलेंडर हेडच्या बोल्टखाली बसणारा सेन्सर आणि त्याला जोडलेला भोंगा मिळतो, तो लावा. पाणी गळून गेलं तरी तो धातूचं तापमान दाखवतो. पाण्यात बुडणारा सेन्सर तेव्हा कोरडा पडून खोटं सांगतो.

मधला_पाटा

धागाकर्त्याच्या मूळ प्रश्नातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट कोणी उचललेली नाही : हेल्पर पाटा. माझं स्पष्ट मत आहे की तो आत्ता टाकू नये. कारण शेवटपर्यंत वाचा.

बऱ्याच जुन्या पिकअपमध्ये, हायलक्सच्या जुन्या पिढ्यांत तर नक्कीच, मागच्या आसाच्या वर चासीला एक ब्रेक व्हॉल्व्ह असतो. त्यातून एक सळई किंवा लांब स्प्रिंग निघते आणि आसाला जोडलेली असते. भार पडून गाडी मागून बसली की सळई व्हॉल्व्ह उघडते आणि मागच्या ब्रेकला जास्त दाब मिळतो. गाडी रिकामी, मागून उंच, म्हणजे दाब कमी, कारण हलकं मागचं चाक लगेच लॉक होऊन गाडी फिरते. बॉडी आणि आस यांच्यातलं अंतर हीच त्या व्हॉल्व्हची भाराची एकमेव ओळख.

आता हेल्पर पाटा किंवा एअर बॅग टाकून गाडी मागून ४० मिमी उचला. माल भरला, ट्रेलर लावला, तरी व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे. मागचे ब्रेक अर्धवट काम करतात, सगळा बोजा पुढच्या डिस्कवर येतो, त्या तापतात. ज्याच्यासाठी वर तेलकट_हात यांनी एवढं सांगितलं ते सगळं या एका पाट्याने वाया जातं. आणि गाडी उभी असताना सुंदर, सपाट दिसते, त्यामुळे कुणाला शंकाही येत नाही.

उलटही होतं. पाटे थकून गाडी रिकामीच बसलेली असेल तर व्हॉल्व्ह तिला भरलेली समजतो आणि ओल्या रस्त्यावर मागची चाकं रिकाम्या गाडीत लॉक होतात.

तपासणी : गाडीखाली जा, सळई हाताने हलवा. दोन्ही टोकांचे बुश, सांधे गंजून घट्ट झालेत का? अनेकदा सळई तुटून लोंबकळत असते किंवा कुणीतरी तारेने बांधून ठेवलेली असते. एकाने मागे उभं राहून गाडी दाबावी, दुसऱ्याने व्हॉल्व्हचा दांडा हलतो का बघावं. हलला नाही तर आतून गंजला, व्हॉल्व्ह बदला.

आणि उंची बदलायचीच असेल तर आसावरचा ब्रॅकेट तेवढाच वर घ्यावा लागतो किंवा सळईची लांबी बदलावी लागते. नेमकं सेटिंग सर्व्हिस मॅन्युअलप्रमाणे मागच्या आसावर ठरलेलं वजन ठेवून, पुढच्या-मागच्या लाइनला प्रेशर गेज लावूनच होतं. अंदाजाने वळवू नका.

रात्रीचा_पल्ला

पाट्यांवर एवढी चर्चा आणि वरवंट्याचा पत्ता नाही :) पण @मधला_पाटा, हे खरंच माहीत नव्हतं. वाचनखूण साठवली.

एक शंका. ज्या हेल्पर पाट्याला रिकाम्या गाडीत फट असते आणि भार पडल्यावरच जो टेकतो, त्यालाही हाच आक्षेप आहे का?

मधला_पाटा

@रात्रीचा_पल्ला, चांगला मुद्दा. तो पुष्कळ बरा. रिकाम्या गाडीची उंची तो बदलत नाही, म्हणून रिकाम्याचं सेटिंग शाबूत राहतं. पण टेकल्यानंतर गाडी कमी बसते, म्हणजे पूर्ण भाराला व्हॉल्व्ह कंपनीने ठरवलं होतं तेवढा उघडत नाही. हलक्या ट्रेलरला बहुधा त्याचीही गरज पडत नाही, मोजून बघितल्याशिवाय टाकू नये.

काटा_आणि_माप

मोजण्यावरून सांगतो, कारण या धाग्यात ६५० हा आकडा सगळे वापरतायत आणि दांडीवर किती भार येतो हे कोणी विचारलं नाही. गाडीला फरक पडतो तो दांडीवरच्या भाराने.

समजा बॉलवर ७० किलो आहेत. गाडीच्या दोन आसांमधलं अंतर २.९ मीटर, मागच्या आसापासून बॉल १.२ मीटर मागे. तरफ आहे ही. पुढच्या आसावरून ७० × १.२ ÷ २.९ म्हणजे २९ किलो कमी होतात आणि मागच्या आसावर ७० नव्हे, ९९ किलो पडतात. बॉल जितका मागे, तितकं हे वाईट. म्हणून लांबडा बॉल माउंट घेऊ नका, ट्रेलर वळताना बंपरला लागणार नाही एवढाच बाहेर ठेवा. आणि हे ७० किलो गाडीच्या माल वाहण्याच्या क्षमतेतून वजा होतात, हौद्यात तेवढा माल कमी.

मोजायचं कसं : ट्रेलर सपाट जमिनीवर, चाकांना पुढून-मागून उटी. जितक्या उंचीवर बॉल येणार तितक्याच उंचीवर कपलर (दांडीच्या टोकाची, बॉलवर बसणारी पकड), त्याखाली पाइपचा तुकडा, पाइपखाली माणसांचा वजनकाटा. दांडीच्या छोट्या चाकाखाली काटा ठेवून मोजू नका. ते चाक कपलरपेक्षा आसाच्या जवळ असतं, त्यामुळे आकडा जास्त येतो.

काट्याची क्षमता कमी असेल तर १२० सेंमी अंतरावर एका टोकाला वीट, दुसऱ्याला काटा, वर फळी. कपलर विटेपासून ४० सेंमीवर टेकवा. फळीचं वजन आधी वजा करा आणि आकड्याला ३ ने गुणा.

कमी-जास्त करणं सोपं आहे. कपलर ते ट्रेलरचा आस २.५ मीटर असेल तर ५० किलोचं पोतं एक मीटर पुढे सरकवल्यावर दांडीवर २० किलो वाढतात. ६५० किलोच्या ट्रेलरला दांडीवर ६५ हवे असतील तर सगळ्या वजनाचा मध्य आसाच्या २५ सेंमी पुढे आला पाहिजे.

घाटवळण

६५ कशावरून? १० ते १५ टक्के हा आकडा सगळीकडे फिरतो, पण तो अमेरिकी पद्धतीचा आहे. युरोपात तितक्याच वजनाचे ट्रेलर ४ ते ७ टक्क्यांवर चालवतात.

काटा_आणि_माप

@घाटवळण, बरोबर, आणि दोन्ही आपापल्या जागी खरे आहेत. युरोपी ट्रेलरची दांडी, आसाची जागा आणि वेगमर्यादा त्या हिशोबाने ठरलेली असते, शिवाय तिथल्या गाड्यांना बॉलवर ७५ ते १०० किलोचीच परवानगी अनेकदा असते. हलक्या ट्रेलरला मी १० टक्क्यांकडे झुकेन, कारण भार मागे गेला की ट्रेलर शेपटासारखा हलायला लागतो आणि तो धोका जास्त गंभीर आहे. पण शेवटची मर्यादा टक्केवारी नाही. कपलर, टो बार आणि गाडी, तिन्हींवर आकडे असतात, त्यातला सगळ्यात लहान आकडा तुमचा.

टो बारच्या पट्टीवर युरोपी पद्धतीत 'एस' म्हणजे बॉलवरचा भार किलोत आणि 'डी' म्हणजे ओढीचा आकडा किलोन्यूटनमध्ये असतो. डी काढायचा असा : गाडीचं आणि ट्रेलरचं कमाल वजन टनांत घ्या, त्यांचा गुणाकार भागिले बेरीज, गुणिले ९.८१. २.८ टनांची गाडी आणि ०.७ टनांचा ट्रेलर असेल तर ५.५ येतात. पट्टीवर त्यापेक्षा मोठा आकडा हवा.

घाटवळण

मान्य. हलायला लागलाच तर काय करायचं तेही इथे असावं. ॲक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ घट्ट धरा, ब्रेक दाबू नका. बिनब्रेकच्या ट्रेलरमध्ये गाडीचा ब्रेक दाबला की ट्रेलर मागून ढकलतो आणि हेलकावा वाढतो. वेग वाढवून 'सरळ ओढून काढायचा' सल्लाही ऐकू येतो, तो धोकादायक आहे. थांबल्यावर माल पुढे घ्या, मगच निघा.

विजेचा_दिवा

वायरिंगबद्दल लिहितो. जुन्या गाडीत सर्वांत जास्त वेळ इथेच जातो आणि दहापैकी नऊ दोष अर्थिंगचे निघतात.

ट्रेलरच्या दिव्यांची अर्थिंग बॉलमधून घेऊ नका. बॉलला ग्रीस असतं, गंज असतो, आणि खड्ड्यात क्षणभर संपर्क तुटतो. लक्षण ओळखीचं आहे : ब्रेक दाबला की पार्किंग लाइट मंद होतात, किंवा डावा इंडिकेटर लावला की उजवाही मिणमिणतो. करंटला घरी परतायला रस्ता सापडत नाही, म्हणून तो दुसऱ्या बल्बमधून जातो. पांढरी वायर स्वतंत्र, २.५ चौरस मिमीची, थेट चासीच्या रंग खरवडलेल्या जागी किंवा बॅटरीच्या निगेटिव्हला. बाकीच्या दिव्यांना १.५ पुरते.

तपासायचं असं : पार्किंग, ब्रेक आणि इंडिकेटर एकाच वेळी चालू. मीटरचं एक टोक ट्रेलरच्या दिव्याच्या अर्थवर, दुसरं गाडीच्या बॅटरीच्या निगेटिव्हवर. ०.२ व्होल्टच्या आत असेल तर उत्तम. ०.५ च्या पुढे असेल तर जोड शोधा. दिवे बंद ठेवून ओहम मोजण्यात अर्थ नाही, एका केसाएवढ्या तारेवरही मीटर 'ठीक' म्हणेल.

युरोपी सात पिनांच्या गोल सॉकेटचे रंग : १ पिवळा डावा इंडिकेटर, २ निळा धुक्याचा दिवा, ३ पांढरा अर्थ, ४ हिरवा उजवा इंडिकेटर, ५ तपकिरी उजवा पार्किंग, ६ लाल ब्रेक, ७ काळा डावा पार्किंग. अमेरिकी चार पिनांच्या चपट्या प्लगमध्ये पांढरा अर्थ, तपकिरी पार्किंग, पिवळ्यात डावा इंडिकेटर आणि ब्रेक एकत्र, हिरव्यात उजवा तसाच. गाडीत ब्रेक आणि इंडिकेटर वेगळे असतील आणि ट्रेलर चार पिनांचा असेल तर मध्ये कन्व्हर्टर लागतो. नुसत्या वायरी जोडल्या तर इंडिकेटर लावल्यावर सगळे ब्रेक लाइट लुकलुकतात.

जुन्या गाडीत दोन गोष्टी आणखी. एक, जुना पत्र्याच्या पट्टीचा फ्लॅशर करंटने गरम होऊन चालतो. ट्रेलरचा २१ वॉटचा बल्ब वाढला की तो भराभर लुकलुकतो. इलेक्ट्रॉनिक, जास्त लोडचा फ्लॅशर लावा. दोन, चारही इंडिकेटर एकत्र लावले की सहा बल्ब × २१ म्हणजे १२६ वॉट, साडेदहा अँपिअर. तोच करंट जुन्या स्विचमधून आणि १० अँपिअरच्या फ्यूजमधून जातो. म्हणून ट्रेलरला बॅटरीतून वेगळी लाइन घ्या, बॅटरीजवळ १५ अँपिअरचा फ्यूज, आणि गाडीच्या वायरींनी फक्त रिले चालवा.

वायर चिमटून जोडणारे प्लॅस्टिकचे जोड वापरू नका. ते इन्सुलेशन कापतात, आत पाणी शिरतं, तांबं हिरवं होतं. क्रिंप करा आणि वर गोंदाची हीट-श्रिंक नळी चढवा. ती गरम करताना दोन्ही टोकांना गोंदाचा बारीक मणी बाहेर आलेला दिसला पाहिजे, तेव्हाच पाणी अडतं.

नट_बोल्ट

बॉलच्या मापाबद्दल. ५० मिमी आणि २ इंच एकच समजून चालतात. २ इंच म्हणजे ५०.८. दोन इंची कपलर ५० च्या बॉलवर सैल बसतो, ठोके देतो. ५० चा कपलर दोन इंची बॉलवर पूर्ण खाली बसेलच असं नाही, आणि कडी वरवर लागलेली दिसते. जुन्या ट्रेलरमध्ये पावणेदोन-दोनच्या मधला १⅞ इंची म्हणजे ४७.६ चा कपलरही सापडतो. दोन्हीवर कोरलेलं माप वाचा. ५० चा बॉल झिजून कुठेही ४९ मिमी झाला असेल तर बदला, कॅलिपरने दोन दिशांनी मोजा.

जोडल्यावरची खात्री : कडी लावून दांडीचा जॅक फिरवा. गाडीचं ढुंगण सोबत वर यायला लागलं तर कपलरने बॉल धरलाय. मग साखळ्या, दांडीखाली फुलीत. बॉल सुटला तर दांडी त्या झोळीत पडते, रस्त्यात रुतत नाही. वळताना ताणल्या जाणार नाहीत एवढ्या ढिल्या, घासणार नाहीत एवढ्या आखूड.

चासी पोकळ चौकोनी असेल आणि बोल्ट आरपार जाणार असेल तर आत नळीचा तुकडा हवाच. नाहीतर घट्ट करताना चासीच्या भिंती आत दबतात, बोल्टचा ताण निघून जातो आणि पंधरा दिवसांत तो ढिला. टो बार लावण्याआधी मागच्या पाट्याच्या ब्रॅकेटभोवती हातोडीने ठोकून बघा. खणखणीत आवाज हवा, बद आवाज आला किंवा स्क्रूड्रायव्हर आत गेला तर तिथे टो बार लावायचा नाही. मागच्या बंपरच्या पत्र्याला बॉल लावणं तर सोडूनच द्या.

तेलकट_हात

तेलांचं राहिलं. गिअरबॉक्स आणि मागचं हौसिंग (मागच्या आसाच्या मधला डिफरन्शियलचा गोळा), दोन्हींत आधी भरण्याचा बोल्ट उघडा, मगच खालचा. खालचा काढून तेल सांडलं आणि वरचा जाम निघाला तर गाडी जागची हलत नाही. हौसिंगमध्ये तेल भोकाच्या खालच्या कडेपर्यंत. चुंबकावर राखाडी मलम चालतं, कपचे नाही. हौसिंगला जीएल-५ दर्जाचं गिअर ऑइल. गिअरबॉक्सला पुस्तकात जीएल-४ लिहिलं असेल तर जीएल-५ घालू नका, त्यातली रसायनं गिअर सहज पडावा म्हणून असलेल्या काही पितळी सिंक्रो रिंगांना खातात.

आणि हौसिंगवरचा ब्रीदर (आतली हवा बाहेर जायचं छोटं तोंड) साफ करा, टोपी बोटाने फिरली पाहिजे. तो बुजला की ट्रेलर ओढताना तापलेल्या हौसिंगमध्ये दाब वाढतो, तेल ॲक्सलच्या सीलमधून बाहेर येतं, आणि ते थेट मागच्या ब्रेक लायनरवर. सील तीनदा बदलूनही गळत असेल तर आधी ब्रीदर बघावा.

गिअर_चौथा

क्लच : सपाट मोकळ्या रस्त्यावर ४० च्या वेगाला चौथा गिअर, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. इंजिनचा आवाज चढला आणि वेग नाही चढला तर प्लेट घसरतेय, ट्रेलर आधी नको. चढावर ट्रेलर मागे ढकलणं हे क्लचचं सर्वांत अवघड काम. फोर-व्हील-लोची सोय असेल तर मातीवर, खडीवर ती वापरा. पक्क्या कोरड्या रस्त्यावर फक्त सरळ रेषेत, वळवायचं नाही.

चालवताना पाचवा टाळा. अशा बहुतेक गिअरबॉक्समध्ये चौथा सरळ एकास एक असतो, त्यात पॉवर दातांच्या जोड्यांमधून फिरत नाही आणि तो सर्वांत कमी तापतो.

शून्य_खेळ

ट्रेलरकडेही बघा. त्याची चाकं वर्षभर उभी असतात. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी नवी असली तरी सहा वर्षांच्या पुढचा टायर भाराला लावू नका. बेरिंग काढून धुवा, नवं ग्रीस रोलरच्या आत भरेपर्यंत तळहातावर दाबून भरा. हब फिरवत फिरवत नट घट्ट करा, मग ढिला करा, मग नुसत्या बोटांनी टेकवा आणि नवी स्प्लिट पिन. पहिल्या १५ किलोमीटरनंतर थांबून दोन्ही हबला हात लावा. कोमट ठीक. एक हाताला सोसत नसेल तर तिथेच थांबा.

दांडीवाला

सगळ्यांचे मनापासून आभार. मधला_पाटा यांच्या सांगण्याप्रमाणे हेल्पर पाटा टाकण्याआधी मोजलं. बॉलच्या जागी ७० किलो ठेवून मडगार्डच्या कडेपासून चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर : मागे १८ मिमी कमी झालं, पुढे ५ मिमी वाढलं. व्हॉल्व्हची सळई हलते आहे, बुश मात्र फाटलेत. मग पाट्याची गरज आहे का?

मधला_पाटा

१८ आणि ५ असेल तर अजिबात नाही. काटा_आणि_माप यांच्या हिशोबाशीही जुळतं. सळईचे बुश आधी बदला. डावी-उजवी बाजू वेगवेगळी मोजलीत का?

दांडीवाला

आत्ता मोजली. रिकाम्या गाडीत डावीकडे ११ मिमी खाली आहे. हवा दोन्हीकडे सारखी, जमीन सपाट.

मधला_पाटा

मग डावीकडचा एखादा पाटा तडकलेला असण्याची शक्यता आहे, बहुधा यू-बोल्टच्या पकडीजवळ, कारण वाकण्याचा ताण तिथे सर्वांत जास्त असतो. वायर ब्रशने कडा घासून साफ करा. रॉकेल लावा, पाच मिनिटांनी कोरडं पुसा, वर खडूची पूड चोळा आणि गाडी मागून दोन-तीनदा दाबा. तडा असेल तर आत शिरलेलं रॉकेल बाहेर येऊन खडूवर काळी बारीक रेघ उमटते. मधल्या बोल्टचं डोकं तुटलं असेल तर आस थोडा मागे-पुढे सरकलेला दिसेल, तेही दोन्ही बाजूंनी मोजा.

पाटा बदलला तर यू-बोल्ट नवेच घ्या, जुने एकदा ताणले गेलेले असतात. चारही नट फुलीच्या क्रमाने थोडे थोडे आवळा. आणि पाट्याच्या टोकांचे बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी करूनच पूर्ण घट्ट करा. चाक लोंबकळत असताना आवळले तर रबर पिळलेल्या अवस्थेत अडकतं आणि लवकर फाटतं. शंभरेक किलोमीटरनंतर यू-बोल्ट पुन्हा टॉर्क पान्याने तपासा, आणि उंची परत मोजा. व्हॉल्व्हच्या सळईला हात लावायचा तो त्यानंतर.